पाच वक्तांच्या नमाजवर मिक्स मीडिया काम, बेसला एब्रू कागद: कुराणातली आयत लिहावी का? आणि धुताना रंग का जातो?

चटई_आणि_रंग

सगळ्यांना सलाम आणि नमस्कार. मी कोकणातली, चिपळूणच्या बाजूची, शाळेत चित्रकला शिकवते आणि उरलेल्या वेळात कागदावर स्वतःचं काम करते. बरेच दिवस डोक्यात आहे ते आता हातात घेतलंय, पाच वक्तांच्या नमाजवर पाच पॅनल, फजर जोहर असर मगरिब इशा, प्रत्येक साधारण दीड बाय अडीच फूट, उभं, म्हणजे जानमाजपेक्षा, नमाजच्या चटईपेक्षा, जरा लहान. बेसला एब्रू, म्हणजे तुर्की पद्धतीचा मार्बल केलेला कागद, त्यावर कापडाचे तुकडे, दोऱ्याचं काम, थोडा वर्ख, आणि मुख्य म्हणजे आमच्या मोहल्ल्यातल्या मशिदीत सफा, म्हणजे नमाजच्या ओळींत अंथरलेल्या चटया, बदलल्या तेव्हा जुन्या पातीच्या चटया निघाल्या त्यातले तुकडे. ते मी जमातीला विचारून, परवानगी घेऊन ठेवलेत. कपाळ टेकून टेकून काही जागी पाती इतक्या गुळगुळीत झाल्यात की तशी झिलई मला कुठल्या रंगाने आणता येणार नाही.

एब्रूच का, तर त्यात पाण्यावर रंग सोडायचा, थोडा हलवायचा आणि कागद एकदाच टेकवायचा, तो छाप परत तसाच येत नाही. नमाजही रोज तीच, तेच उठणं बसणं, तरी सकाळची वेगळी आणि रात्रीची वेगळी असते. मला हे चित्रात सांगायचंय, मशिदीचा घुमट आणि चंद्रकोर काढून नाही.

आता प्रश्न.

एक, आयत लिहावी का? अब्बांचं म्हणणं आयत अख्खी चौकटीत शोभते, तुझ्या कापाकापीत नको. बहीण म्हणते एकही अक्षर नसेल तर बघणाऱ्याला ती नुसती रंगीत नक्षी वाटेल, नमाज कुठे आहे विचारतील.

दोन, मी कॅरेजीननचं, म्हणजे समुद्री शेवाळातून काढलेल्या घट्ट करणाऱ्या पुडीचं, पाणी आणि ॲक्रिलिक रंग वापरते, कागदाला आधी तुरटी लावते. छाप सुंदर येतो पण पाण्याखाली धरला की रंग वाहून जातो. आणि गंमत म्हणजे महागातला ॲसिड फ्री कागद आणला त्याच्यावरून जास्त जातो, शाळेतल्या साध्या कार्ट्रिज कागदावर त्यामानाने टिकतो. हे उलटं का?

तीन, जड चटई त्या पातळ कागदावर बसवू कशी? आमच्याकडे पावसाळ्यात काय दमट होतं ते तुम्हाला माहीत आहे, कागदाला लाटा येतात आणि बुरशी तर आहेच.

खळ_आणि_दोरा

ताई, आधी कागदाचं बघू कारण ते सरळ आहे. मी पुण्यात बाइंडिंग करतो, पुस्तकांच्या आतल्या पानांसाठी मार्बलिंग स्वतःच करतो. बाजारातल्या बऱ्याच ॲसिड फ्री कागदांत खडूची पूड, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, मुद्दाम घातलेली असते, कागद पिवळा पडू नये म्हणून. तुरटी आम्लधर्मी, खडू तिला मारून टाकतो, आणि रंग कागदाला धरून ठेवायचं काम तर तुरटीच करते. त्यामुळे तुमचा स्वस्त कार्ट्रिज जिंकतो. दुकानात विचारताना ॲसिड फ्री का असं विचारू नका, बफर्ड, म्हणजे असा खडू घातलेला, आहे का ते विचारा, आणि बफर नसलेला घ्या. शक्य असेल तर पुण्याच्या हातकागद संस्थेचा सुती हातकागद बघा, शिवाजीनगरला १९४० पासून आहे ती संस्था. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यालाही हातकागद होतो, तिथल्या कागजी लोकांचा तो पिढ्यांचा धंदा. फक्त हातकागद फार पाणी पिणारा नको, चांगलं सायझिंग केलेला, म्हणजे पाणी शोषू नये म्हणून खळ दिलेला, घ्या नाहीतर छाप फाटका येतो.

तुरटी पाव लिटर कोमट पाण्यात एक मोठा चमचा, पूर्ण विरघळवून, थंड झाल्यावर स्पंजने एका दिशेने लावायची, एकही जागा सुटली की तिथे रंग बसणार नाही, पांढरा डाग दिसेल. लावलेली बाजू पेन्सिलने खूण करून ठेवा. वजनाखाली सपाट करून एक दोन दिवसांत वापरून टाका, तुरटीचे कागद महिनोन् महिने ठेवले तर ठिसूळ होतात.

पाण्याचं म्हणाल तर कॅरेजीनन लिटरला सहा सात ग्रॅम, मिक्सरमधून फिरवून रात्रभर ठेवायचं म्हणजे फेस बसतो. बोअरच्या जड पाण्यात हे नीट होत नाही, डिस्टिल्ड घ्या. उन्हाळ्यात दोन तीन दिवसांत पातळ होतं, मग फेकून द्यायचं. आणि हे कुणी सांगत नाही म्हणून सांगतो, प्रत्येक छापाआधी वर्तमानपत्राची पट्टी ट्रेवरून ओढायची. पाण्यावर साय धरते, तिच्यावर रंग पसरत नाही, बुडतो किंवा दातेरी होतो, आणि लोक उगाच रंगाला दोष देतात. पहिल्या टाकलेल्या रंगाला पुढचे रंग दाबून बारीक करतात, म्हणून गडद आधी आणि पुढच्या प्रत्येक रंगात पसरवणारं द्रव्य थेंबभर जास्त. पारंपरिक कामात ते बैलाचं पित्त असतं. तुमच्या ॲक्रिलिकला त्याची गरज नाही, आणि इबादतीच्या, म्हणजे उपासनेच्या, कामात ते नको वाटत असेल तर कृत्रिमही मिळतं.

आता चटई. चिकटवू नका. गोंद पातीला धरतच नाही नीट, आणि धरला तरी दमट हवेत पात फुगते, कागद फुगतो, दोघं वेगवेगळे फुगतात मग सुटतं. एब्रू कागद आधी जाड हातकागदावर किंवा बोर्डावर गव्हाच्या स्टार्चच्या खळीने चढवा, आणि बोर्डाच्या मागच्या बाजूलाही तेवढाच कागद चढवा, नाहीतर बोर्ड पुढे वाकणार म्हणजे वाकणार. आमच्या धंद्यात खळीत किडीसाठी मोरचूद घालतात, तुम्ही घालू नका, काही वर्षांनी कागदाची वाट लागते. फेविकॉलसारखा पांढरा गोंद इथे नको कारण एकदा वाळला की परत सोडवता येत नाही, खळ सुटते, उद्या काही दुरुस्त करायचं झालं तर कामी येते. पूर्ण वाळल्यावर आरीने भोकं पाडून मेण लावलेल्या लिननच्या दोऱ्याने चटई शिवून टाका, बोर्डातून आरपार. दोरा दिसला तर दिसू दे, तुमच्या कामात तो शोभेलच. चटईला आधी ऊन द्या, मग प्लास्टिकमध्ये गच्च बांधून आठवडाभर फ्रीजरमध्ये, किडे आणि अंडी मरतात. फ्रेमची काच कशालाही टेकता कामा नये, आत पट्टी घालून अंतर सोडा, बुरशीची सुरुवात काचेच्या टेकण्यापासूनच होते.

आयतीचं मी बोलत नाही, ते माझं क्षेत्र नाही.

कलम_दवात_खुलताबाद

अस्सलामु अलैकुम ताई. मी खत, म्हणजे अरबी-फारसी सुलेखन, शिकलोय, नस्तालीक आणि सुलुस या शैलींत लिहितो, त्यामुळे पहिला प्रश्न माझ्या वाटणीचा.

तुमच्या चटईवर कपाळ टेकलंय हे खरं, पण तिच्यावर पायही उभे राहिलेत. एवढ्या एका गोष्टीने माझ्यासाठी तरी उत्तर येतं. ज्या पॅनलमध्ये ती चटई आहे त्यात आयत नको, ना वर ना खाली ना शेजारी. चटई वाईट आहे म्हणून नाही हां, ती तर मला तुमच्या कामातली सगळ्यात मोलाची वस्तू वाटते. पण आयतीचा अदब वेगळा आणि चटईचा वेगळा, एका चौकटीत दोघांना बसवलं की एकाचा तरी अदब मोडतो. शिवाय तुम्ही भोकं पाडणार, कडा कापणार, कापडाखाली अर्धं झाकणार. आयत अर्धी झाकली जाणं मला सहन होत नाही. कापलेल्या तुकड्यांचं काय करणार हाही प्रश्न आहे, मी माझे सरावाचे कागदसुद्धा वेगळे ठेवतो आणि नंतर दफन करतो, कचऱ्यात जाऊ देत नाही. आणि काम विकलं गेलं की ते कुठल्या भिंतीवर, कशाखाली लागेल ते आपल्या हातात नाही.

पण तुमच्या बहिणीची काळजीही खोटी नाही. नमाज ओळखू यायला हवी. ती अक्षराशिवाय ओळखू येते असं माझं म्हणणं आहे कारण नमाज मोजलेली आहे. फर्ज, म्हणजे सक्तीच्या, रकाती (नमाजच्या फेऱ्या) बघा, फजरच्या दोन, जोहरच्या चार, असरच्या चार, मगरिबच्या तीन, इशाच्या चार, मिळून सतरा. नमाजनंतरची तस्बीह, म्हणजे जप, ३३, ३३ आणि ३४. जो पढतो त्याला पाच पॅनलवर २, ४, ४, ३, ४ अशा आडव्या ओळी दिसल्या की तो थांबेल, काही सांगावं लागणार नाही. जो पढत नाही तो विचारेल, तेव्हा तुम्ही सांगाल.

आणखी एक सांगतो जे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त लागू आहे. तुम्ही कोकणातल्या म्हणजे बहुतेक शाफई असाल, मी हनफी, म्हणजे इस्लामी कायद्याच्या दोन वेगळ्या परंपरा. तुमची असर आमच्या आधी लागते. दुपारी सावली सगळ्यात लहान असते तेवढी सोडून, वस्तूची सावली तिच्या उंचीइतकी झाली की तुमच्याकडे असर, आमच्याकडे दुप्पट झाल्यावर. तुमच्या असरच्या पॅनलमध्ये सावली येणार असेल तर ती तुमच्या असरची येऊ दे, उंचीइतकी. हे कुणाला कळो न कळो, तुम्हाला माहीत असेल आणि तुमच्या अब्बांना दिसेल.

बाकी एब्रू आणि अक्षर यांचं नातं जुनं आहे, त्याला माझा विरोध मुळीच नाही. उस्मानी काळात फिकट एब्रूवर खत लिहीत, खताच्या चौकटीला एब्रूची कड लावत, किताबांच्या आत तोच कागद. इस्तंबूलचे नेजमेद्दिन ओक्याय, १८८३ ते १९७६, ते खत्तात, म्हणजे सुलेखनकार, होते, बाइंडिंग करत, तिरंदाज होते, उस्कुदारच्या मशिदीत इमामही होते. त्यांनी बाभळीच्या जातीचा डिंक, अरबी डिंक म्हणतात तो, शाईसारखा कलमात घेऊन कागदावर लिहिलं, वाळवलं आणि मग कागद रंगाच्या पाण्यावर टेकवला. डिंक असतो तिथे रंग धरत नाही, अक्षर कागदाच्या मूळ रंगात उमटतं. तुम्हाला लिहायचंच असेल तर सहावं, वेगळं काम करा, चटईशिवाय, कापल्याशिवाय, अख्ख्या एका कागदावर, या पद्धतीने. पाचांत मिसळू नका.

चटई_आणि_रंग

दादा, पायांचं तुम्ही म्हणालात ते वाचून मी चटई परत काढून बघितली. अब्बांना वाचून दाखवलं, ते म्हणाले बरोबर आहे, आयत नको, आणि सावलीचं तर त्यांना फारच आवडलं, लगेच अंगणात काठी रोवून बसलेत. हो, आम्ही शाफईच.

खळवाले दादा, बफरचं कोडं सुटलं. दोन्ही कागदांवर करून बघितलं, तुम्ही म्हणता तसंच आहे. पण मला एक विचारायचंय सगळ्यांनाच, ओळी आडव्या घेतल्या तर त्या सफा, म्हणजे नमाजला उभ्या राहिलेल्या ओळी, दिसतील की नुसत्या पट्ट्या? मला अजून रचना सापडत नाहीये.

विजापूर_वारी

मी सोलापूरचा, विजापूर आम्हाला जवळ, त्यामुळे जाणं येणं सतत. ताई, तुम्ही एकदा विजापूरच्या जामा मशिदीची जमीन बघा. लोक गोलघुमट बघून परत येतात आणि हे राहूनच जातं. आतल्या सगळ्या जमिनीवर मुसल्ल्याएवढे, म्हणजे नमाजच्या चटईएवढे, चौकोन आखलेत, एकेका माणसाची एकेक जागा, ओळीमागे ओळ. रिकाम्या मशिदीत उभं राहिलं तरी जमात दिसते. तुमच्या सफा पट्ट्या वाटतील अशी भीती असेल तर पट्टी एकेका माणसाच्या जागेत तोडा, मधे किंचित फट ठेवा, वरून बघितल्यासारखं. पट्टी अखंड असली की ती किनार वाटते, जागांमध्ये मोडली की माणसं आठवतात.

आणि तिथला मिहराब, म्हणजे मक्केच्या दिशेच्या भिंतीतला कोनाडा. बाकी मशीद साधी, पांढरी, आणि समोर तो सोनेरी रंगीत मिहराब, १६३६ सालचं काम, मुहम्मद आदिलशहाच्या काळातलं. रंगवलेले कोनाडे, त्यात रंगवलेल्या किताबा, सुरया, सगळं सपाट भिंतीवर पण आत खोल गेल्यासारखं वाटतं. एवढ्या मोठ्या साधेपणात रंग एकाच जागी आणायचा हे मला तुमच्या पॅनलसाठी घेण्यासारखं वाटतं. वर्ख सगळीकडे शिंपडू नका, एकाच ठिकाणी येऊ दे.

दुसरी गोष्ट म्हणजे एब्रू नुसतं तुर्कांचं नाही हो. दख्खनमध्ये सतराव्या शतकात, आदिलशाहीतच, मार्बल केलेल्या कागदातून चित्रं झालीत. आकृती झाकून घ्यायची, बाकीचा भाग रंगाच्या पाण्यावर टेकवायचा किंवा उलट, म्हणजे घोड्याच्या अंगातच त्या लाटा भरलेल्या दिसतात आणि भोवती कागद कोरा. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये हडकुळ्या घोड्यावर बसलेल्या फकिराचं असं चित्र आहे, विजापूरचं, सतराव्या शतकाच्या मध्याचं. २०१५ मध्ये त्याच म्युझियमने दख्खनच्या सुलतानांवर मोठं प्रदर्शन केलं होतं. असे उपाशी घोडे म्हणजे नफ्स, माणसाची वासना, उपासाने आणि इबादतीने काबूत आणलेली, असा अर्थ अभ्यासक लावतात. म्हणजे मार्बलिंग आणि इबादत एकत्र आणणारं काम आपल्या या भागात साडेतीनशे वर्षांपूर्वी होऊन गेलंय, आणि ज्या दरबारात शहाजीराजे होते त्याच दरबाराच्या काळात. आपल्या शाळांच्या चित्रकलेत याचा एक शब्द नसतो याचं मला फार वाईट वाटतं. तुम्ही शिकवता तर मुलांना दाखवा ना.

उस्कुदारची_मराठी

धागा आवडला म्हणून लिहितेय, नाहीतर मी फक्त वाचते. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही इस्तंबूलला राहतो आणि मी आशियाई बाजूला, उस्कुदारलाच, एका उस्तादांकडे एब्रू शिकते.

खळवाल्या दादांचं तंत्र बरोबर आहे पण ती युरोपियन वाट आहे, तुरटी, ॲक्रिलिक, धुणं. इथल्या पारंपरिक कामात तुरटी लावत नाहीत आणि कागद धुतही नाहीत. पाण्यात कित्रे, म्हणजे एका काटेरी झुडपाचा डिंक, दिवसभर भिजवून, कापडातून पिळून गाळलेला. रंग मातीचे, खनिजांचे, काजळीचे, आणि निळ्यासाठी नीळ, तिला इथे अजून लाहोरची नीळ म्हणतात. संगमरवराच्या लादीवर दगडाच्या बत्त्याने पाणी घालून घोटत बसायचं, मग पित्त. ब्रश घोड्याच्या केसांचा, गुलाबाच्या काडीला बांधलेला, तो बोटावर आपटून थेंब पाडायचे. कागद उचलताना ट्रेच्या काठावरून घासत ओढायचा म्हणजे जादा पाणी काठालाच राहतं, रंग जात नाही. धुवायची गरजच पडत नाही.

कित्रे म्हणून तिकडच्या बाजारातला कतीरा डिंक आणू नका लगेच, तो बहुतेक वेळा दुसऱ्याच झाडाचा असतो, तो वेगळा वागतो. आणायचाच तर आधी वाटीभर करून बघा. आणि हो, जुन्या उस्मानी आणि इराणी कृतींमध्ये मेथीच्या बुळबुळीत पाण्यावर एब्रू करायची पद्धतही आहे, मेथी तर घरातच असते.

इथे ही कला आणि इबादत कधी वेगळ्या नव्हत्या. अठराव्या शतकात हातिप मेहमेद एफेंदी होते, ते आयासोफिया मशिदीत खुतबा, म्हणजे जुम्म्याचं प्रवचन, देत, त्यांच्या नावाने एक नक्षीच आहे. उस्कुदारच्या टेकडीवर उझ्बेकांचा तेक्के आहे, नक्शबंदी दर्ग्यासारखी जागा, तिथल्या शेखांनी एकोणिसाव्या शतकात ही कला जपली आणि पुढे ओक्यायांना तिथूनच मिळाली. ओक्यायांकडून मुस्तफा दुझगुनमान शिकले, १९२० ते १९९०, इथेच उस्कुदारला त्यांचं वनौषधींचं दुकान होतं, दुकान सांभाळून आयुष्यभर एब्रू केली. २०१४ साली युनेस्कोच्या यादीत एब्रू आली पण इथल्या लोकांसाठी ती उस्तादाच्या हातातून शिष्याच्या हातात जाते, वर्गात बसून नाही. आमचे उस्ताद बिस्मिल्ला म्हटल्याशिवाय ट्रेजवळ येत नाहीत आणि कितीतरी काळ फक्त बत्ताल करायला लावतात.

बत्ताल म्हणजे थेंब पडले तसे ठेवायचे, कंगवा नाही, काडी नाही. ताई, तुमच्या पाच पॅनलला मी बत्तालच सुचवेन, फार तर एखाद्यात गेलगित, म्हणजे काडीने पुढे मागे ओढलेल्या रेषा. फुलं, बुलबुलची घरटी वगैरे सुंदर असतात पण ती बघणाऱ्याला आपल्याकडे ओढतात, मग चटई मागे पडेल. फजरला हलकं, म्हणजे रंग इतका पातळ की कागद दिसतो. इशाला काजळी आणि नीळ. मगरिबला लाल मातीचा रंग, तुमच्या कोकणातल्याच जांभ्याची माती घोटून बघा ना, गाळून, अगदी पीठ होईपर्यंत. ती जमली तर तुमचं काम इथल्या कुठल्याही कामासारखं दिसणार नाही, तुमच्या गावचं दिसेल.

खळ_आणि_दोरा

ताईंचं पटलं, पारंपरिक पद्धत जास्त खोल आहे यात वाद नाही. पण मी तरी या कामासाठी तुरटी आणि ॲक्रिलिकवरच राहीन. मातीचे रंग कागदावर नुसते बसलेले असतात, घासले तर थोडे उठतात. इस्तंबूलला चालत असेल, कोकणात जूनपासून सप्टेंबरपर्यंत कागद दमट, त्यावर शिवणकाम, दोरा कागदावरून ओढला जाणार, चटईची पात घासणार. मगरिबचं पॅनल जांभ्याच्या मातीने करायचं असेल तर जरूर करा, पण त्या एका कागदाला वाळल्यावर अकीकच्या दगडाने घोटा, आपल्याकडे पूर्वी बखरींचे कागद घोटायचे तसा, आणि शिवताना मधे पातळ बटर पेपर ठेवा. बाकीची चार ॲक्रिलिकमध्ये.

जेजे_दुसरं_वर्ष

मधेच विचारते, सॉरी. मी मुस्लिम नाही, कॉलेजच्या असाइनमेंटला इस्लामिक जॉमेट्री आणि मार्बलिंग घेतलंय. नमाजच्या मुद्रांची आकृती, मिहराबची कमान असं काही वापरलं तर चालेल का, कुणाला दुखावायचं नाहीये, म्हणून काही न करणंच बरं असंही वाटतंय.

कलम_दवात_खुलताबाद

काही न करणं नको. कमान, अष्टकोनी जाळी, सफा, हे सगळं डोळ्यांसमोर आहे, बघा आणि करा. नेटवरून अरबी अक्षरं उचलून नक्षी म्हणून चिकटवू नका एवढंच, काय लिहिलंय ते माहीत नसताना तर मुळीच नाही, बऱ्याचदा ती आयतच असते, उलटी नाहीतर तुटलेली. सजद्यातल्या, म्हणजे कपाळ टेकलेल्या, माणसाच्या आकृतीबद्दल आमच्यातच एकमत नाही, कुणाला चालते कुणाला नाही, मी स्वतः काढत नाही. आणि तुम्ही मुंबईत आहात तर जवळच्या एखाद्या मशिदीत विचारून जा, बरेच लोक आनंदाने दाखवतात. किबला, म्हणजे मक्केतल्या काबेची दिशा, मुंबईहून जवळपास पश्चिमेला येतो, किंचित उत्तरेकडे. सगळी इमारत, सगळ्या ओळी त्या एका दिशेला कशा वळलेल्या असतात ते आत उभं राहिल्यावर जेवढं कळतं तेवढं फोटोत कळत नाही. काम झालं की इथे टाका, बघायला आवडेल.

चटई_आणि_रंग

इतकं सगळं मिळेल असं वाटलं नव्हतं, मनापासून आभार. ठरवलंय ते लिहिते म्हणजे काही चुकत असेल तर सांगाल.

आयत नाही, अक्षरही नाही. पाच पॅनल, प्रत्येकात आडव्या सफा त्या त्या वक्ताच्या रकातींइतक्या, सफेच्या जागा विजापूरच्या जमिनीसारख्या तुटक. चटईचा तुकडा प्रत्येक पॅनलमध्ये फक्त एक, सगळ्यात वरच्या ओळीत, जिथे कपाळ टेकतं त्या उंचीला, आणि वर्ख पाचांपैकी एकाच पॅनलमध्ये, फजरमध्ये, क्षितिजाच्या जागी बारीक रेघ. खाली शिवणीचे टाके, पाचही पॅनलना ३३, ३३ आणि ३४, तीन वेगळ्या दोऱ्यांत. बहिणीला दाखवलं, ती आता टाके घालायला स्वतःच बसतेय, म्हणते हे मी पढत पढत घालणार, एका टाक्याला एक. मला हे आधी सुचलंच नव्हतं आणि आता दुसऱ्या कुणी घातलेले चालणार नाहीत असं झालंय.

असरमध्ये मधोमध एक उभी काडी आणि तिची सावली उंचीइतकी. अब्बांनी अंगणातल्या काठीवरून मापं दिलीत.

मगरिबला जांभ्याची माती. घरामागच्या चिऱ्याचा चुरा कुटून, फडक्यातून गाळून पाट्यावर घोटायला घेतलाय, अजून दाणा लागतोय बोटाला. उस्कुदारच्या ताई, किती बारीक झाला म्हणजे पुरे? आणि त्याला पित्त लागेलच का, कॅरेजीननवर?

पाचही पॅनल प्रदर्शनात पश्चिमेच्या भिंतीवर लावायची विनंती करणार आहे, बघणारा उभा राहिला की तोंड आपोआप किबल्याकडे होईल.

उस्कुदारची_मराठी

दोन बोटांत चोळल्यावर काहीच लागलं नाही पाहिजे, नुसतं चिकट रंगीत पाणी वाटलं पाहिजे. मग पाण्यात ढवळून ठेवा, जड कण खाली बसतात, वरचं गढूळ पाणी ओतून घ्या, ते पाणी बसलं की खाली येईल ती तुमची माती. पसरवायला काहीतरी लागेलच, मातीत ॲक्रिलिकसारखं आतून काही नसतं, ती बुडेल. खळवाले म्हणतात ते कृत्रिम द्रव्य घ्या, पण थेंब थेंब, आधी वाटीत बघा. जास्त झालं तर माती पसरून पसरून दिसेनाशी होईल.

कलम_दवात_खुलताबाद

पश्चिमेची भिंत प्रदर्शनात जरूर. पण पुढे कुणी घरी नेलं तर त्यांना सांगून ठेवा की जिथे नमाज पढतात त्याच्या अगदी समोर लावू नका, लक्ष त्यात जातं. बाजूच्या भिंतीवर लावावं. टाक्यांचं फार आवडलं, बहिणीला माझा सलाम सांगा.

चटई_आणि_रंग

सांगते दादा, आणि भिंतीचं लक्षात ठेवते, फ्रेमच्या मागे चिठ्ठीच लावून देईन.

खळवाले दादा शेवटचं, पुण्याला ओळखीचं माणूस जातंय म्हणून घाई. चढवायला हातकागद २०० जीएसएमचा मागवू की ३०० चा? आणि चटई शिवायला लिननचा दोरा किती जाड?

खळ_आणि_दोरा

३००, आणि त्याच्यामागे बोर्ड हवाच, चटईचं वजन एकट्या कागदावर टाकू नका. दोरा मध्यम घ्या, बारीक दोरा पात कापतो. भोकं पातीतून पाडू नका, दोन पातींच्या मधल्या फटीतून आरी घाला म्हणजे चटई उसवणार नाही. कागद दोन जादा मागवा.